राष्ट्रगीताची निवड आणि नागपूरचा नकार

युरोप खंडातील राष्ट्रे दर वर्षी एकत्र जमून गाण्यांची चढाओढ करतात, हे आमच्या वाचकांपैकी तरुण मंडळींस ठाऊक असेलच. ‘युरोव्हिजन’ नावाची ही स्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो या गावी सुरू झाली. पहिल्या वर्षी अवघी सात राष्ट्रे होती. पुढे ही संख्या चाळिशीच्या घरात गेली. प्रत्येक राष्ट्राने आपले गीत आधी घरी निवडावयाचे व मग ते परक्यांपुढे ठेवावयाचे, असा तेथील रिवाज आहे. घरच्या या निवडीत पुष्कळदा मोठे वाद माजतात. आपल्या लोकांच्या काळजास भिडणारे गीत पाठवावे, की परक्याच्या कानास गोड लागेल असे पाठवावे? गीत स्वभाषेतच असले पाहिजे, असा नियम मध्यंतरी कित्येक वर्षे होता. तो १९९९ पासून उठला, आणि तेव्हापासून पुष्कळ राष्ट्रे सरळ इंग्रजीत गाऊ लागली.

परवा घरी या विषयावर बोलणे चालले असता आमच्या एका नातवाने विचारले, “आजोबा, आपल्या देशाने असे गाणे कधी निवडलेच नाही का?” प्रश्न सहज विचारलेला होता, पण त्याचे उत्तर सहज देण्यासारखे नाही. आपल्या देशाने जगापुढे ठेवावयाचे गीत निवडले आहे. घाईघाईत निवडले आहे. आणि त्या वेळी प्रांताप्रांतांतून जी मते मागविली गेली त्यांत प्रतिकूल मत एकच आले, ते आमच्या या नागपुरातून. ही हकीकत आज घरोघर विसरली गेली आहे, म्हणून ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

१९४७ च्या ऑगस्टात देश स्वतंत्र झाला तेव्हा ध्वज ठरलेला होता, राष्ट्रगीत मात्र ठरलेले नव्हते. १४ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या घटनासमितीच्या बैठकीचा आरंभ सुचेता कृपलानी यांनी गायिलेल्या ‘वंदे मातरम्’च्या पहिल्या कडव्याने झाला, आणि समारोपास त्यांनीच ‘सारे जहाँ से अच्छा’ व ‘जन गण मन’ या गीतांचे आरंभ म्हटले. तीन गीते उंबरठ्यावर उभी होती. आत कोणास घ्यावयाचे, हे ठरविण्यास कोणास सवड नव्हती.

ती सवड परक्यांनी काढावयास लावली. त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाची आमसभा भरली असता एका प्रसंगी वाद्यवृंदाने वाजवावे म्हणून आमच्या शिष्टमंडळाजवळ राष्ट्रगीत मागितले गेले. शिष्टमंडळाच्या संग्रही ‘जन गण मन’ची एक ध्वनिमुद्रिका होती, तीच त्यांनी देऊन टाकली. वादकांनी ती ऐकून सराव केला व भरसभेत ते गीत वाजविले. श्रोत्यांस ते इतके आवडले की अनेक देशांच्या प्रतिनिधींनी त्याचे स्वरलेखन मागितले. मग आमच्या लष्करी बँडांनी तीच चाल उचलली, परदेशी वकिलातींत तीच वाजू लागली. मूळचे हे गीत रवींद्रनाथांचे. ते २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये प्रथम गायिले गेले. सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सेनेने याच चालीच्या आधारे हिंदुस्थानी शब्दांचे आपले गीत सिद्ध केले होते, त्यामुळे ती चाल सैनिकांच्या कानांस अपरिचित नव्हती.

यानंतर पंडित नेहरूंनी सर्व प्रांतांच्या गव्हर्नरांस पत्रे लिहिली आणि आपापल्या मुख्य प्रधानांशी विचारविनिमय करून मत कळवावे, असे सांगितले. अखेरचा निर्णय घटनासमितीचाच राहील, हेही त्यांनी स्पष्ट केले. सर्वांनी ‘जन गण मन’ला संमती दिली; अपवाद फक्त मध्यप्रांताच्या गव्हर्नरांचा. २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी घटनासमितीत केलेल्या निवेदनात हा अपवाद प्रांताचे नाव घेऊन नमूद केला आहे. त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी नागपूर होती. गव्हर्नर होते मंगलदास पकवासा व मुख्य प्रधान पंडित रविशंकर शुक्ल. पुढे बंगालचे नवे मुख्य प्रधान डॉ. बिधनचंद्र रॉय यांनीही आपल्या सरकारचा कल ‘वंदे मातरम्’कडे असल्याचे कळविले, पण तोवर तात्पुरता निर्णय होऊन चुकला होता.

ज्या राजधानीतून हे उत्तर गेले, तिचा ‘वंदे मातरम्’शी संबंध केवळ सभेत म्हणण्यापुरता नव्हता. बंगालच्या फाळणीनंतरच्या चळवळीत येथील शाळकरी मुलांनी या दोन शब्दांपायी शिक्षा भोगल्या. नील सिटी शाळेत तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांचे स्वागत मुलांनी याच घोषाने केले आणि त्या प्रकरणात केशव बळिराम हेडगेवार यांस शाळा सोडावी लागली. १९३८ साली हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांस हे गीत म्हणण्याची मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती जुमानली नाही, तेव्हा शेकडोंनी त्यांस काढून टाकण्यात आले. एक वर्ष बुडालेले, घरचे लोक चिंतेत, दुसरीकडे दार उघडेल याची शाश्वती नाही, अशा स्थितीत त्यांतील पुष्कळांस नागपूर विद्यापीठाने आपलेसे केले. याच चळवळीपायी शिक्षणासाठी नागपुरास आलेल्यांत पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. एका गीतासाठी घराबाहेर पडलेल्या मुलांस ज्या गावाने आसरा दिला, त्या गावी ‘वंदे मातरम्’ला बाजूस सारणारा होकार जड गेला असता, हे सांगावयास नको.

मग त्या गीताची निवड का झाली नाही? एक कारण सर्वश्रुत आहे. पुढील कडव्यांतील देवीस्वरूपाच्या वर्णनास मुसलमान समाजातील अनेकांचा आक्षेप होता, व म्हणूनच काँग्रेसच्या कार्यकारिणीने १९३७ साली सभांतून पहिली दोनच कडवी म्हणावीत, असे ठरविले होते. पण नेहरूंनी १९४८ साली पुढे केलेले मुख्य कारण संगीताचे होते. ‘वंदे मातरम्’ची चाल त्यांस काहीशी करुण व त्याच त्या स्वरांवर फिरणारी वाटे, बँडवर ती नीट वाजत नाही व परक्यास तिची गोडी कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. राष्ट्रगीतात शब्दांहून चालीचे महत्त्व अधिक, कारण परदेशी ते गायिले जात नाही, वाजविले जाते, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

या म्हणण्यास उत्तर द्यावयास जो पुरुष पुढे सरसावला तो आमचा महाराष्ट्रीय होता. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीतील नामांकित गायक आणि ‘माणूस’, ‘शेजारी’ या प्रभातच्या बोलपटांचे संगीतकार. नभोवाणीवर ‘वंदे मातरम्’ म्हणू दिले नाही, म्हणून त्यांनी काही वर्षे नभोवाणीवरच बहिष्कार घातला होता. बँडवर वाजत नाही काय, तर वाजवून दाखवितो, या जिद्दीने त्यांनी झिंझोटी रागात समूहाने म्हणता येईल व पावले टाकीत वाजविता येईल अशी चाल बांधली, पाश्चात्त्य वाद्यांच्या जाणकारांचे साहाय्य घेऊन ती बँडवर बसविली, आणि दिल्लीस जाऊन घटनासमितीच्या सभासदांस प्रत्यक्ष ऐकविली. आपल्या गवयाने स्वरांच्या जोरावर राज्यकर्त्यांशी असा वाद घातल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आमचे गाणे एका गळ्याचे. गवई मींड घेईल, एखाद्या स्वरावर रेंगाळेल, आज एक जागा घेईल, उद्या दुसरी. त्यातच त्याची थोरवी. बँडास हे चालत नाही. तेथे चाळीस वादकांनी कागदावर लिहिलेले स्वर ठराविक लयीत एकदम वाजवावे लागतात व एकदमच थांबावे लागते. ‘जन गण मन’ची घडण यास अनुकूल आहे: बहुतेक ठिकाणी एका अक्षरास एक स्वर, चालीचा पल्ला बेताचा, आणि शेवटी चढत जाणारा जयघोष. आज ते अवघ्या ५२ सेकंदांत पुरे होते. उलट ‘वंदे मातरम्’ला किती चाली! विष्णु दिगंबर ते काफी रागात गात, कोणी देसात गाई, मास्तरांनी ते झिंझोटीत बांधले. प्रत्येक प्रांताने व प्रत्येक गवयाने आपल्या प्रेमाने त्यास निराळा साज चढविला, आणि म्हणूनच ज्या दिवशी जगाने चाल मागितली त्या दिवशी देशाची म्हणावी अशी एकही चाल लिहून तयार नव्हती. बाहेर पाठविण्याजोगे दुसऱ्या कोणत्याही गीताचे नीट वाद्यरूप हाती नव्हते, असे नेहरूंनीही म्हटले आहे. मास्तरांनी ते सिद्ध केले, पण लग्नघटका टळल्यावर वऱ्हाड मांडवात यावे तसे झाले.

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांनी घटनासमितीत घोषणा केली: ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यातील ऐतिहासिक कामगिरीमुळे ‘वंदे मातरम्’चा मान त्याच्या बरोबरीचा. मतदान झाले नाही. ज्यांचे मत निराळे होते त्यांनीही निर्णय मान्य केला. मास्टर कृष्णराव १९७४ साली निवर्तले. त्यांची चाल राष्ट्रगीताची झाली नाही, पण ती बांधण्याचे श्रम व्यर्थ गेले, असे आम्ही म्हणणार नाही. ‘बँडवर वाजत नाही’ हा आक्षेप त्यांनी खोडून काढला, एवढे श्रेय त्यांचे आहेच.

या निवडीस आम्ही अन्याय म्हणत नाही; परंतु ती थोरवीची पारख होती, असेही म्हणवत नाही. ती तयारीची पारख होती. आपल्यास जे प्राणाहून प्रिय असते ते नीट लिहून, बसवून, दुसऱ्याच्या हाती देता येईल असे करून ठेवण्याची सवय आम्हांस कमी. आजीच्या ओव्या तिच्याबरोबर जातात, गवयाची चीज त्याच्याबरोबर जाते, आणि मागणी आली म्हणजे आपण घरभर शोधू लागतो.

ही चूक पुढे सुधारली, याचाही एक दाखला आमच्याच गावचा आहे. नागपुरात जन्मलेले कवी राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत श्रीनिवास खळ्यांनी बांधले, शाहीर साबळ्यांनी गायिले, आणि एका ठराविक चालीने ते घरोघर पोहोचले. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये त्यास राज्यगीत ठरविले, तेव्हा चालीचा प्रश्नच उद्भवला नाही. दोन कडवी घ्यावयाची, एवढेच ठरवावे लागले.

नातवाने हे सारे ऐकून घेतले व विचारले, “मग नागपूर चुकले की बरोबर होते?” आम्ही त्यास एवढेच सांगितले, की देवघरात म्हणावयाचे एक आणि दारी पाहुणा आला असता म्हणावयाचे एक, अशी दोन गीते आपल्या वाट्यास आली, हे आपले भाग्य. नागपूरने देवघरातील गीताची बाजू घेतली. दिल्लीने दारच्या पाहुण्याचा विचार केला. ‘वंदे मातरम्’ रचले गेल्यास २०२५ साली दीडशे वर्षे झाली. वाचकांस विनंती एवढीच, की दोन्ही गीते मुलांस अर्थासह व शुद्ध सुरात शिकवावीत. आमच्या घरी परवापासून आरंभ झाला आहे; नातवाचा षड्ज अजून लागत नाही, पण तो रोज बसतो.