पावसाळी हवा आणि सांधेदुखी

मृग नक्षत्र लागून आभाळ भरून आलें, कीं आमच्या कळंब तालुक्यांतील गांवोगांवच्या पारांवर दोन विषयांची चर्चा सुरू होते : एक पेरणीची, दुसरी गुडघ्यांची. "गुडघा धरला आहे, आतां दोन दिवसांत पाऊस येणार," असें छातीठोकपणें सांगणारी वडीलधारी मंडळी प्रत्येक गांवीं आहेत. या समजुतींत तथ्य किती, आणि तिच्यावर सर्वस्वीं विसंबल्यानें आपलें नुकसान कोठें होतें, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें दुखणें किती पसरलेलें आहे तें पाहूं. पुणें जिल्ह्यांतील भिगवण या गांवीं १९९६ सालीं डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घरोघर पाहणी आरंभिली. तींत ४,०९२ प्रौढ माणसें होतीं. त्यांपैकीं शंभरांत सुमारें अठरा जणांस हाडें, सांधे वा स्नायू यांची पीडा असल्याचें आढळलें. सांध्यांची झीज शंभरांत सुमारें सहा जणांस, आणि आमवात, म्हणजे सांधे सुजवून वांकडे करणारा रोग, दोनशांत सुमारें एकास होता. म्हणजे मोठ्या गांवांत आमवाताचे रोगी थोडे असले तरी असतातच, हें ध्यानांत ठेवावें.

आतां हवेविषयीं. पाऊस येण्यापूर्वीं हवेचा दाब कमी होतो. बाहेरील दाब घटल्यामुळें आधींच बिघडलेल्या सांध्याभोंवतालचा भाग किंचित् फुगत असावा, असें एक अनुमान आहे. थंडीनें स्नायू आंखडतात व सांधा ताठरतो. हीं कारणें पटण्याजोगीं आहेत. परंतु मोजमाप घेतां निकाल एकसारखा येत नाहीं. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत १८ रोग्यांच्या वेदनांची पंधरा महिन्यांच्या हवामानाशीं तुलना केली असतां संबंध आढळला नाहीं. २०१७ सालीं अमेरिकेंत वृद्धांच्या एक कोटीहून अधिक वैद्यभेटींची छाननी झाली. पावसाच्या दिवशीं सांधेदुखीची तक्रार वाढल्याचें दिसलें नाहीं. उलट २०१९ सालीं ब्रिटनमधील २,६५८ लोकांच्या रोजच्या नोंदींवरून असें दिसलें कीं, दमट, वाऱ्याच्या व कमी दाबाच्या दिवशीं वेदना वाढण्याचा संभव थोडासा अधिक असतो. सारांश, हवेचा वांटा असलाच तर तो लहान आहे.

मग समजूत एवढी दृढ कां? गुडघा दुखला व पाऊस आला, तो दिवस आपल्या स्मरणांत राहतो. दुखला आणि पाऊस आला नाहीं, तो दिवस आपण विसरतो. महसूल दप्तरांत पर्जन्यमानाचे आंकडे उतरविण्याची प्रस्तुत लेखकास पुष्कळ वर्षांची संवय. म्हणून निवृत्तीनंतर एक पावसाळाभर त्यानें वहींत दोन रकाने आंखले : एकांत पाऊस, दुसऱ्यांत आपल्या उजव्या गुडघ्याची स्थिति. पावसाच्या कांहीं दिवशीं गुडघा दुखला, कांहीं दिवशीं मुळींच नाहीं. परंतु झडीमुळें दोन दिवस घरांत बसून काढले, कीं तिसऱ्या दिवशीं तो हटकून धरे. आणि येरमाळ्यास येडेश्वरीच्या पायऱ्या चढून आल्यावर दुसरे दिवशीं, आभाळ निरभ्र असूनहि, दुखे. एका माणसाच्या वहीनें शास्त्र सिद्ध होत नाहीं. तथापि पावसापेक्षां पावसानें आलेलें बैठेपण अधिक बाधतें, एवढें लेखकापुरतें उमगलें.

सर्व कांहीं हवेवर ढकलण्यांत दोन मोठे धोके आहेत. पहिला डांसाचा. १९७३ सालीं आपल्या शेजारच्या बार्शी शहरांत चिकुनगुन्या तापाची साथ आली होती. पुढें सुमारें तीस वर्षें हा रोग फारसा ऐकूं आला नाहीं. २००६ सालीं मात्र महाराष्ट्रांत त्याची मोठी साथ झाली. हें नांव आफ्रिकेंतील एका भाषेंतील असून त्याचा अर्थ वांकवून टाकणारा असा आहे. ताप उतरला तरी कित्येकांचे सांधे महिनोन्महिने दुखतात. हा डांस दिवसा चावतो व घरांतील सांठविलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतो. पाणीटंचाईमुळें आपल्याकडे पाणी सांठवावेंच लागतें. म्हणून रांजण व हौद झांकून ठेवावे आणि आठवड्यांतून एकदां रिकामे करून, घांसून कोरडे करावे. तापाबरोबर सांधे धरल्यास रक्त तपासून घ्यावें. डेंग्यूचा संशय फिटेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी घेऊं नये.

दुसरा धोका आमवाताचा. लेखकाच्या नात्यांतील एका बाईंचीं बोटें सकाळीं तास-दोन तास वळत नसत. "ओल बाधली" म्हणून घरच्यांनीं दोन पावसाळे घालविले, बाजारांतील निनांवी पुड्या दिल्या. पुडीनें चार दिवस बरें वाटे. अशा पुड्यांत पुष्कळदां स्टेरॉइड मिसळलेलें असतें. त्यानें वेदना दबते, पण हाडें ठिसूळ होतात व मधुमेह बळावतो. योग्य उपचार सुरू होईपर्यंत बोटें वांकडीं झालीं होतीं. तीं पुन्हां सरळ झालीं नाहींत. झिजेच्या दुखण्यांत सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासांत सुटतो. तो तासाहून अधिक राहिल्यास, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजल्यास, किंवा एखादा सांधा एकाएकीं लाल व ऊन होऊन ताप आल्यास हवेची वाट न पाहतां वैद्यकीय सल्ला घ्यावा.

झिजेच्या साध्या दुखण्यावर घरचे उपाय पुष्कळ आहेत. पावसाळी व थंडीच्या दिवसांत गुडघे झांकून ठेवावे व ओलीं वस्त्रें लगेच बदलावीं. तव्यावर तापविलेल्या मिठाच्या किंवा वाळूच्या पुरचुंडीनें शेकावें; परंतु सुजून ऊन झालेला सांधा शेकूं नये, आणि मधुमेहानें पाय बधिर झालेल्यांनीं आधीं हातानें उष्णता पाहावी. करडईच्या तेलानें हलकें चोळल्यास आराम वाटतो, पण झीज भरून निघत नाहीं. खरा उपाय हालचालीचा. झड लागली तरी ओसरींत फेऱ्या माराव्या. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पांच अंक मोजीपर्यंत धरावा व खालीं सोडावा. असें प्रत्येक पायानें दहा वेळां, दिवसांतून दोनदां करावें. मांडीचा स्नायु बळकट झाला म्हणजे गुडघ्यावरील भार हलका होतो. अंगाचें वजन एक किलो घटलें तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं कमी होतो. उकिडवें बसून खुरपणी करणारांनीं अधूनमधून उठून पाय मोकळे करावे, शक्य तेथें लांब दांड्याचें अवजार वापरावें. उन्हांत घाम गाळून वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्यास मूत्रपिंडास व पोटास इजा होते, हें विसरूं नये.

पीक पिवळें पडलें तर केवळ आभाळास दोष देऊन आपण थांबत नाहीं. मूळ उपटून पाहतों. स्वतःच्या व घरच्या माणसांच्या सांध्यांविषयींहि शेतकरी बंधूंनीं तीच दक्षता बाळगावी, एवढीच विनंति आहे.