बारवीचे दरवाजे कोण उघडतं?

अंबरनाथचं शिवमंदिर शके 982 चं, म्हणजे इसवी सन 1060 चं. वालधुनीकाठच्या त्या शिलाहारकालीन देवळावर बोट टेकवायला कोरी जागा शोधावी लागते. ते पाहायला लांबून माणसं येतात. बदलापूरहून मुरबाडकडे जाताना लागणारं बारवी धरण मात्र वास्तू म्हणून कुणी पाहत नाही. एमआयडीसीने 1970 च्या दशकात बांधलेल्या या धरणावर नक्षीचा मागमूस नाही. विसाव्या शतकातल्या आधुनिक वास्तुकारांनी ज्याचा ध्यास घेतला, ते इथे सहज साधलंय: कामापुरतं रूप, वर काही नाही.

हे रूप ठरवलं पाण्याने. दहा मीटर खोलीवर पाणी बांधाच्या दर चौरस मीटरवर दहा टन भार टाकतं, चाळीस मीटरवर चाळीस टन. म्हणून धरण माथ्याशी निमुळतं आणि पायाशी ऐसपैस. खरी गंमत पुढे आहे. जलाशय मागे कित्येक किलोमीटर पसरलेला असो, नाहीतर बांधाला चिकटून हातभर रुंदीचा चर असो, खोली तेवढीच असेल तर स्थिर पाण्याचा दाब अगदी तेवढाच! बांधाला पाण्याचा विस्तार कळत नाही, फक्त खोली कळते. हे गणित शाळेत शिकतो आपण, पण जलाशयाच्या काठावर उभं राहिलं की त्यावर विश्वासच बसत नाही.

धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली. आता साठा सुमारे 340 दशलक्ष घनमीटर. माथ्यावर 11 स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी 72.60 मीटरच्या पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात. अशा दरवाजांचं तत्त्व तराजूचं: एकीकडे वजन, दुसरीकडे पाण्याचा रेटा. रेटा वरचढ झाला की दार उघडतं, पाणी उतरलं की वजन ते मिटवतं. आपल्याकडे ही कल्पना जुनी आहे. पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये स्वयंचलित दरवाजांचं पेटंट घेतलं आणि ते पहिल्यांदा बसवले खडकवासल्याला. बांध न वाढवता तिथला साठा वाढला.

बारवीचं पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन कारखान्यांना आणि ठाणे जिल्ह्यातल्या शहरांना जातं. उल्हासनगरात नळ सोडणाऱ्याने तोंडली, काचकोली, मोहघर, मानिवली ही नावं ऐकलेली असायला हवीत. उंची वाढली तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या या गावांच्या घरांवर आणि शेतांवर पाणी आलं. बाधित कुटुंबांतल्या माणसांना पुढे नोकऱ्या मिळाल्या, पण त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

पावसाळ्यात पातळी चढू लागली की नदीकाठच्या आस्नोळी, राहटोली, चांदप अशा गावांना आधीच सावध केलं जातं. दरवाजे कुणाच्या हुकमाची वाट पाहत नाहीत, तेव्हा माणसांनीच आधी हलायचं असतं.