अंगणातलं गॅरेज

फाल्गुनाचं ऊन चढायला लागलं की आमच्या पेणच्या घराचं अंगण पापडांचं होतं. बचत गटाच्या आम्ही आठ-दहा जणी पोह्याचे पापड लाटतो आणि जुन्या साड्यांवर वाळत घालतो. गेल्या वर्षी मात्र एका सकाळी बाहेर येऊन बघते तर काय, साडीपासून चार हातांवर एक गाडी उभी! चारही चाकं काढलेली, बॉनेट उघडं आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पाय ओळखीचे होते. आमचे रोह्याचे पुतणे!

"अरे, पापडांना ऑइलचा वास लागला तर बायका मला सोडतील का?"

"काकू, फक्त शुक्रवारपर्यंत!" गाडीखालून आवाज आला.

हा माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. डिप्लोमा करून धाटावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या देखभाल विभागात लागला. पगारातले पैसे साठवून त्याने एक जुनी मारुती एस्टीम घेतली. ही गाडी आता बनत नाही, पण एके काळी आपल्याकडच्या शर्यतींत तिचा मोठा बोलबाला होता. अंगाने हलकी, इंजिन चपळ. त्याने मागची सीट काढली, गालिचे काढले, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला. गाडी उलटली तरी माणूस चेपू नये म्हणून. रोह्याला ते राहतात बिल्डिंगमध्ये. तिथे ठोकाठोक सुरू झाली की शेजारी दार वाजवतात. म्हणून टेम्पोवर चढवून गाडी आमच्या पत्र्याच्या पडवीत. चालवत का नाही आणली, विचारलं तर म्हणाला, "अशी बदललेली गाडी रस्त्यावर आणायला कायद्याने बंदी आहे, काकू."

शनिवार-रविवारी पुण्याजवळ ऑटोक्रॉस होती. म्हणजे मोकळ्या मैदानात शंकू ठेवून मातीतून वेडीवाकडी वाट आखतात, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. सगळ्यात कमी वेळ ज्याचा, तो पहिला.

खरं सांगते, मला हे सगळं मुळीच आवडलं नव्हतं. सामाजिक काम करताना मुंबई-गोवा महामार्गावरच्या अपघातांनी उजाड झालेली घरं मी पाहिली आहेत. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या रुंदीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. त्या खड्ड्यांनी, त्या वळणांनी किती जणांना गिळलं! एकदा अशाच एका घरी बसले होते. मुलगा रात्री मित्रांबरोबर मोटरसायकलची शर्यत लावायला गेला आणि परत आलाच नाही. त्याची आई मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "जेवून गेला होता हो." ते वाक्य अजून कानातून जात नाही.

म्हणून त्या संध्याकाळी चहा देताना पुतण्याला विचारलंच, "तुझ्यात आणि त्या मुलांत फरक काय रे?"

त्याला राग आला नाही. म्हणाला, "फरक हाच की मला ब्रेक तपासल्याशिवाय कुणी आत सोडत नाही." मग त्याने सगळं समजावलं. देशातल्या मोटार शर्यतींची एक शिखर संस्था आहे, एफएमएससीआय. तिचा परवाना लागतो. शर्यतीआधी तपासनीस गाडी खालून-वरून बघतात. ब्रेक, पट्टे, हेल्मेट, आग विझवायचं नळकांडं, घट्ट बांधलेली बॅटरी. कुठून ऑइल टिपकत असेल तर गाडी बाहेर. आणि रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे गुन्हाच. "वेगाची हौस असेल तर मैदानात जावं. रस्ता दुसऱ्यांचा असतो," तो म्हणाला. मी मनातल्या मनात एक मार्क दिला.

त्या आठवड्यात आमची पडवी म्हणजे गॅरेज झाली. भिंतीवर खडूने यादी: इंजिन ऑइल, प्लग, पट्टा, टायर, ब्रेक. एकेक काम झालं की त्यावर काट. रोज कामावरून सुटला की रोह्याहून दिव्याची गाडी पकडून पेणला यायचा, रात्री अकरापर्यंत खपायचा. गटातल्या बायका आधी नाकं मुरडत होत्या, पण दोन दिवसांनी त्याच विचारायला लागल्या, "आज काय उघडलंस रे बाबा?" गाडी जॅकवर उचलली की खाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय तो आत शिरायचा नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जायचं नाही, हा त्याचा पहिला धडा. जॅक सटकला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

बुधवारी रात्री ब्रेकची पाळी आली. "काकू, एक माणूस लागणार," म्हणाला. काका गावात नव्हते. मग काय, पदर खोचला आणि बसले स्टिअरिंगमागे.

ब्रेकचं गणित मला त्या रात्री कळलं. आपण पाय दाबतो तेव्हा नळीतलं ब्रेक ऑइल पुढे ढकललं जातं आणि ते चाकापाशी दाब देतं. ऑइल दबत नाही, म्हणून आपल्या पायाचं बळ थेट चाकाला मिळतं. पण नळीत हवा शिरली तर हवा दबते, आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. शिवाय हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. आमच्या कोकणच्या दमट हवेत तर बोलायलाच नको! डॉट 4 जातीचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पाणी मुरलं की ही मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उतारावर किंवा शर्यतीत ब्रेक तापले, ऑइल उकळलं, वाफ झाली, की ब्रेक गेला. म्हणून जुनं ऑइल काढायचं आणि नळीतली हवाही काढायची. तो चाकापाशी बसून ओरडायचा, "दाबा... धरून ठेवा... सोडा!" चुलीवर भाकरी थापावी तशी एक लय लागली.

मध्येच म्हणाला, "काकू, ब्रेकला अस्तर लावायची कल्पना एका बाईची, माहीत आहे?" बर्था बेन्झची ही गोष्ट मग मीही शोधून वाचली. 1888 च्या ऑगस्टमध्ये, नवऱ्याला न सांगता, त्यानेच बनवलेली मोटार घेऊन ही जर्मन बाई दोन मुलांसह निघाली, आणि कुठे, तर माहेरी! मानहाइम ते फोर्टसहाइम, शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपलं ते औषधाच्या दुकानातून घेतलं. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. तेच ब्रेकचं पहिलं अस्तर. मला तर ती आपल्यातलीच वाटली. अडलं की हाताशी असेल त्याने निभावून नेणारी.

पण निभावून नेणं कुठे थांबवायचं, ते पुढच्याच मिनिटाला कळायचं होतं.

"काकू, पाय दाबूनच धरा," तो एकदम हळू आवाजात म्हणाला. टॉर्च पुढच्या डाव्या चाकावर स्थिर होती. मी दाब दिला की तिथली रबरी नळी एका जागी फुग्यासारखी फुगत होती. वरून बारीक भेगा. नळी आतून गेली होती.

गुरुवारी पेणला शोधलं, मिळाली नाही. शुक्रवारी तो पनवेलला गेला आणि एका दुकानातून घेऊन आला. खोक्यावर कंपनीचं नाव होतं, पण अक्षरं जरा पुसट, आणि नळीचं टोक नीट बसेना. माल नकली! अस्सल नळी सोमवारशिवाय मिळणार नव्हती. टेम्पो शनिवारी पहाटे पाचला यायचा होता.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. तो पायरीवर बसला. म्हणाला, "जुनीवर तार गुंडाळतो. मातीतच पळवायचीय, साठच्या वर कुठे जाते? तपासणीत बाहेरून दिसणारही नाही." प्रवेश फी भरलेली, टेम्पोचा ॲडव्हान्स दिलेला, रजा टाकलेली. सहा महिन्यांची मेहनत. रोह्याहून जाऊबाईंचा फोन येऊन गेला होता, "ताई, धाविर महाराजांना नारळ ठेवलाय, त्याला सांगा."

मला ओरडून "जायचं नाही" म्हणता आलं असतं. पण तरुण मुलाला असं अडवलं की तो फक्त आपल्यापुढे थांबतो. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "बरं. मग उद्या मलाही ने. तुझ्या शेजारच्या सीटवर बसते मी."

तो माझ्याकडे बघतच राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. पेणच्या मूर्तींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात मुरलेल्या हाताने होते. ऑर्डर कितीही घाईची असो, ते काम नवख्याला देत नाहीत. हे तो लहानपणापासून बघत आलाय. शेवटी उठला, फोन लावला आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, "दादा, उद्याचं रद्द."

पैसे गेले. दोन दिवस घरात कुणाशी धड बोलला नाही. रविवारी संध्याकाळी मित्रांचे फोटो मोबाइलवर आले, तेव्हा तो मुकाट्याने पापडांच्या साड्या घडी करत होता. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या रात्री मी शांत झोपले, आणि रोह्याला त्याची आईही.

सोमवारी नळी आली. पुन्हा तेच, "दाबा... धरा... सोडा." या वेळी पेडल दगडासारखं घट्ट. मे महिन्यात दुसरी ऑटोक्रॉस होती, तिला तो गेला. मी आणि जाऊबाई दोघीही गेलो. आमचा पठ्ठ्या अकरावा आला आणि पहिला आल्यासारखा नाचला! तिथे दोन मुलीही गाडी चालवायला उतरल्या होत्या. पुण्याच्या डायना पुंडोले यांचं नाव त्यांच्या तोंडी होतं. दोन मुलांची आई असलेल्या या बाईंनी 2024 साली चेन्नईच्या ट्रॅकवर पुरुषांबरोबर धावून सलून गटातलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. हे ऐकून जाऊबाई हळूच म्हणाल्या, "ताई, आपण उगाच भीत होतो का हो?" म्हटलं, "भीती बरोबरच होती. फक्त ती ब्रेकला लावायची होती, पोराला नाही."

मैत्रिणींनो, आपल्यापैकी फार थोड्या जणींच्या घरी शर्यतीची गाडी असेल. पण रिक्षा, टेम्पो, जुनी मारुती, लेकीची स्कूटर तर असतेच. गाडीत ब्रेक ऑइलची छोटी टाकी बॉनेटखाली दिसते. पातळी खालच्या खुणेच्या वर हवी. ऑइल फिकट पिवळं असतं, काळपट तपकिरी झालं तर बदलायला सांगा. साधारण दोन वर्षांनी ते बदलावंच. पेडल मऊ लागलं, गाडी एका बाजूला ओढू लागली, किंवा दाबल्यावर किंचाळू लागली, तर "चालतंय की" म्हणू नका. आणि लक्षात ठेवा, वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. चाळीसच्या वेगाने जाणारं पोर ऐंशीवर गेलं, तर हा हिशेब त्याला आपणच सांगायचा.

यंदाही पापड वाळत घातलेत. परवा गटातल्या एकीने पुतण्याला विचारलं, "चाक बदलायला शिकवशील का रे आम्हाला?" मग काय, रविवारी दुपारी आठ जणी हातात पान्हा घेऊन गाडीभोवती उभ्या! सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी नट घट्ट करून त्याला दरडावलं, "आता तू तपास बरं!"

पापडांना ऑइलचा वास लागला नाही. पण बायकांच्या हाताला लागला, आणि कुणाचीही तक्रार नव्हती.