‘पान लागलं’ : साप चावल्यानंतर आपण काय करतो, आणि का

विषय सापाचा असला तरी मी आज सापांबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त बोलणार आहे. साप काय करतो ते बऱ्यापैकी माहीत आहे. साप चावल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत माणसं काय करतात, कुणाकडे जातात, कुणाचं ऐकतात, हा खरा आरोग्याचा प्रश्न आहे. मरण बहुतेक वेळा त्या दोन-तीन तासांत ठरतं.

सुरुवात भाषेपासूनच करू. आपल्याकडे ‘साप चावला’ असं सरळ म्हणत नाहीत. ‘पान लागलं’ म्हणतात. दिवेलागण झाल्यावर तर सापाचं नावही घेत नाहीत. ‘जनावर’ म्हणतात, ‘लांबडं’ म्हणतात. ज्याचं नाव घेतलं की ते येतं अशी भीती असते, त्याच्यावरचा इलाजही मग माणूस दवाखान्यात शोधत नाही. देवाच्या दारात शोधतो. ‘पान लागलं’ म्हटलं की पुढची पायरी मारुतीचं देऊळ किंवा भगत, हे त्या शब्दातच ठरलेलं असतं. डॉक्टर मंडळी ‘अंधश्रद्धा’ म्हणून हा विषय एका शब्दात संपवतात. मला ते पटत नाही. त्यामागे एक हिशोब आहे, तो चुकलेला आहे, पण हिशोब आहे. त्याकडे येतोच.

आधी आकडा सांगतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने साधारण १२ लाख माणसं गेली, असा अंदाज ‘मिलियन डेथ स्टडी’ या देशव्यापी अभ्यासातून निघाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. त्याच अभ्यासाचा आधीचा भाग २०११ साली आला होता, त्यात दोन गोष्टी होत्या. मरणाऱ्यांपैकी ९७ टक्के खेड्यातले. आणि ७७ टक्के मृत्यू दवाखान्याच्या बाहेर झालेले. हा दुसरा आकडा नीट ऐका. चारातली तीन माणसं दवाखान्यात मेलीच नाहीत. घरी, रस्त्यात, देवळात मेली. म्हणून सरकारी दप्तरात त्यांची नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून कित्येक वर्षं कुणाला हा प्रश्न एवढा मोठा आहे हे कळलंच नाही.

आता बागलाणात या. इथला शेतकरी मळ्यात राहतो. उन्हाळ कांद्याला पाणी भरायचं, तर शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्रीची. रात्रीची पाळी असली की माणूस अकरा-बाराला मोटार चालू करतो, हातात बॅटरी, पायात चप्पल, नाहीतर तीही नाही, कारण चिखलात चप्पल अडकते. वाफा फोडायला वाकतो तेव्हा हात आणि पाय दोन्ही जमिनीशी. त्या ओलीवर बेडूक येतात, कांदा चाळीत आणि मक्याच्या चाऱ्यात उंदीर असतात, आणि त्यांच्या मागे साप येतो. यात सापाची काही दुष्मनी नाही. तो जेवायला आलेला असतो.

म्हणून मी नेहमी म्हणतो, सर्पदंशावरचा एक मोठा उपाय आरोग्य खात्याकडे नाहीच, तो वीज कंपनीकडे आहे. २०१७ साली सुरू झालेली सौर कृषी वाहिनी योजना, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, ती शेतीला दिवसा वीज देण्यासाठी आहे. तिचं कौतुक शेतीच्या पानावर होतं. ज्या गावाला दिवसा वीज मिळाली तिथे रात्री पाणी भरणं थांबलं, म्हणजे अंधारात पाय टाकणं थांबलं. हे आरोग्याच्या पानावर यायला हवं. तोपर्यंत गमबूट. गमबूट घालून वाफ्यात चालणं त्रासाचं आहे, घाम येतो, मान्य. पण बहुतेक दंश घोट्याच्या आसपास होतात.

आता भगताचा हिशोब. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे की जगात दरवर्षी सुमारे ५४ लाख लोकांना साप चावतो. त्यातल्या १८ ते २७ लाखांनाच विषबाधा होते. मृत्यू ८१ हजार ते १ लाख ३८ हजार. म्हणजे काय झालं? साप चावलेल्या निदान निम्म्या लोकांच्या अंगात विष गेलेलंच नसतं. एक तर साप बिनविषारी असतो, धामण, धोंड्या, तस्कर, कवड्या. किंवा विषारी साप चावतो पण विष सोडत नाही, त्याला कोरडा दंश म्हणतात.

हे सगळे लोक भगताकडे गेले तर? भगताने कडुनिंबाचा पाला खायला दिला, कडू लागतो का विचारलं, मंत्र म्हटला, दोरा बांधला. कुणीकुणी कोंबडीची पिल्लं जखमेला लावतात. सकाळी माणूस उठून घरी गेला. तो मंत्र न म्हणताही उठलाच असता! पण गावाने काय पाहिलं? दहा जण नेले, त्यातले आठ-नऊ चालत परत आले. बरं, जो गेला त्याच्याबद्दल भगत म्हणतो, ‘उशीर केला’ किंवा ‘साप काळ होता’. आणि दवाखान्यात कोण जातं? भगताने हात टेकलेला. तो दवाखान्यात मरतो. मग गाव म्हणतं, भगताकडे माणसं जगतात, दवाखान्यात मरतात. सांगा, यात गावाची अक्कल कमी कुठे पडली? डोळ्यांनी दिसलं तेच ते बोलतायत. चूक निवडीत आहे. कुठल्या रांगेत कोण उभं राहतं, हे कुणी मोजलेलं नाही.

हे फक्त आपल्याकडे आहे असं नाही. इंडोनेशियाच्या खेड्यांत ‘दुकुन’ म्हणून वैदू असतो, तिथेही माणूस आधी त्याच्याकडे जातो. तिथे आणखी एक अडचण आहे. त्यांच्या देशात बनणारी लस तीन जातींच्या सापांवर चालते, आणि पूर्वेला पापुआकडचे विषारी साप वेगळेच. म्हणजे दवाखान्यात वेळेत पोचूनही योग्य औषध मिळेल याची खात्री नाही. त्या मानाने आपण नशीबवान. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चारही सापांवर चालणारी एकच लस आपल्याकडे आहे, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे. साप कुठला हे ओळखता आलं नाही तरी इलाज थांबत नाही.

ही लस होते कशी, थोडक्यात सांगतो. तमिळनाडूतले इरुला आदिवासी साप पकडण्यात पिढीजात तरबेज. कातड्याचा धंदा कायद्याने बंद झाल्यावर त्यांनी १९७८ साली सहकारी संस्था काढली. ते साप पकडतात, विष काढतात, साप सोडून देतात. देशातल्या लशीसाठी लागणारं बहुतेक विष तिथून येतं. ते थोडं थोडं घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात, ती वेगळी काढली की लस. आता एकाच सापाचं विष प्रांताप्रांतात थोडं वेगळं असतं, त्यामुळे तिकडच्या विषापासून केलेली लस सगळीकडे सारखी लागू पडत नाही, यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम चालू आहे. पण ते शास्त्रज्ञांचं काम झालं. आपल्या हातात जी आहे ती लवकर टोचून घेणं एवढं आपलं काम.

या चारांत मला सगळ्यात भीती मण्यारची वाटते. नाग चावला तर कळतं, दुखतं. घोणस चावली तर पाय सुजतो, आग होते, हिरड्यांतून रक्त येतं, पुढे किडनीवर जातं. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते आणि दुखत नाही. खूणही धड दिसत नाही. पहाटे माणूस उठतो, पोटात दुखतंय म्हणतो, उलटी होते, घसा धरतो. घरचे म्हणतात पित्त झालं. मग पापण्या जड होतात, उघडत नाहीत, बोलणं जडावतं, शेवटी श्वास थांबतो. त्या अवस्थेत माणूस मेल्यासारखा दिसतो, पण त्याला कदाचित सगळं ऐकू येत असतं. त्याला नळी घालून श्वास देत राहिलं तर काही दिवसांनी तो स्वतः श्वास घेतो आणि घरी जातो. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीची तक्रार करून पापण्या उघडत नसेल, तर गॅसची गोळी देऊ नका, गाडी काढा. आणि खाट नसेल तर निदान मच्छरदाणी लावा, तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. नेपाळच्या तराईत पाहणी झाली, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना दंशाचा धोका कमी दिसला. मलेरियासाठी आणलेली जाळी सापाला पण चालते.

चावल्यावर काय करायचं? घट्ट आवळून दोरी बांधू नका. फुरसं आणि घोणस यांच्या विषाने आधीच पाय सडतो, वर रक्त बंद केलं की पाय जातो. शिवाय दवाखान्यात दोरी एकदम सोडली की साठलेलं विष एकदम फिरतं. बांधून आला असाल तर ती डॉक्टरच्या समोर सुटू द्या. ब्लेड मारू नका, तोंडाने ओढू नका. हाड मोडल्यावर जशी फळी बांधतो तशी बांधून हातपाय हलू देऊ नका. अंगठी, जोडवी, पैंजण काढा, सूज आली की काढता येत नाहीत. माणसाला चालवत, पळवत नेऊ नका. १०८ ला फोन करा, पण गाडी यायला वेळ असेल तर मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून एकाने धरून निघा.

मोटारसायकल ही चेष्टा नाही. नेपाळमध्ये दमक भागातल्या गावांत तरुणांना तयार केलं, साप चावला की मोटारसायकल घेऊन यायचं आणि रुग्णाला उपचार केंद्रात पोचवायचं. सोबत गावात प्रचार. तिथे दंशातून मरणाऱ्यांचं प्रमाण साडेदहा टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आलं. नवं औषध नव्हतं, नवं मशीन नव्हतं. आपल्या साल्हेर-मुल्हेरकडच्या पाड्यांवर मोटारसायकली काय कमी आहेत? (हशा) पाड्यागणिक दोन पोरांचे नंबर आशाताईंकडे लिहून ठेवले तरी पुष्कळ झालं.

दवाखान्याकडूनही काही अपेक्षा आहेत, त्या लपवून उपयोग नाही. रक्त गोठतं का पाहायला मशीन लागत नाही. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकं करायचं. पातळच राहिलं तर विषबाधा. विषबाधेची लक्षणं दिसली की पहिली मात्रा तिथेच द्यायची, साधारण दहा बाटल्या, आणि मुलाला पण मोठ्याएवढीच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. लशीची रिॲक्शन येईल या भीतीने बऱ्याच ठिकाणी डॉक्टर रुग्ण पुढे पाठवतात. रिॲक्शनवर औषध आहे. सटाण्याहून नाशिक सुमारे नव्वद किलोमीटर. लस न देता तेवढा प्रवास म्हणजे विषाला मोकळं रान.

आणि विश्वास हा भाषणाने येत नाही. हे गाव एका मामलेदाराला देव मानतं. दुष्काळात यशवंतरावांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला म्हणून. रात्री दोन वाजता दार उघडणाऱ्या दवाखान्यावर लोक आपोआप विश्वास ठेवतील.

कायदाही आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा, नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आला तो, त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र-गंडादोरा करणं हा गुन्हा आहे. शब्द लक्षात घ्या, ‘रोखून’. मला वाटतं भगतावर केस करण्यापेक्षा त्याला आपल्या बाजूला आणणं स्वस्त पडतं. मेळघाटात आरोग्य खात्याने भूमकांना सोबत घ्यायचा प्रयत्न केलाच आहे. भगताने मंत्र गाडीत बसून म्हणावा. माझी हरकत नाही.

शेवटी प्रश्न आलेत ते घेतो.

एक दादा विचारतात, साप मारून दवाखान्यात आणावा का? नको. मारायला जाऊन दुसऱ्याला चावल्याची उदाहरणं भरपूर आहेत, आणि मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ चावू शकतं. लांबून मोबाईलवर फोटो मिळाला तर ठीक. तसंही ओळख चुकते. डुरक्या घोणस बिनविषारी, नुसत्या नावातल्या घोणसने लोक घाबरतात. उलट कवड्या आणि मण्यार दोघांवर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारचे उलटे. रात्री बॅटरीच्या उजेडात हे कोण बघणार?

ताईंचा प्रश्न आहे, घरातला कर्ता माणूस साप चावून गेला तर सरकारकडून काही मिळतं का? मिळतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश आहे, शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख. पण त्याला कागद लागतो, सर्पदंशाने मृत्यू झाला असं सांगणारा वैद्यकीय कागद. देवळात मेलेल्या माणसाचा तो कागद सहसा होत नाही. मी सुरुवातीला म्हटलं ना, चारातले तीन मोजलेच जात नाहीत. ते हेच.