दर्शनी दार नसलेलं घर

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात एक बैठं घर आहे. रस्त्याच्या बाजूने त्याला दारच नाही. आत शिरायचं ते कडेच्या, गाडी लावायच्या पडवीतून. मुलांच्या गाद्या जमिनीवर असत, म्हणजे खिडकीतून गोळी आलीच तर डोक्यावरून जाईल. मेडगर एव्हर्स यांचं हे घर.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सपर्यंत जाऊन आलेला हा कृष्णवर्णीय सैनिक १९४६ साली भाऊ चार्ल्स आणि काही मित्रांसह डेकॅटर या आपल्या गावी मत द्यायला गेला. बंदूकधारी गोऱ्यांनी त्यांना हाकलून लावलं. पुढे विमा विकत फिरताना कापसाच्या मळ्यांतलं दारिद्र्य एव्हर्सनी जवळून पाहिलं. १९५४ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाने त्यांना कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारला. त्याच वर्षी ते एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे राज्यातले पहिले पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा १९५५ साली खून झाला, तेव्हा शेतमजुराच्या वेशात रानोमाळ हिंडून त्यांनी साक्षीदार शोधले. मतदार नोंदणी, दुकानांवरचे बहिष्कार, अत्याचारांच्या नोंदी हे तर रोजचंच होतं.

११ जून १९६३च्या संध्याकाळी अध्यक्ष केनेडींनी दूरचित्रवाणीवर नागरी हक्क कायदा आणण्याची घोषणा केली. मध्यरात्र उलटल्यावर एव्हर्स घरी पोहोचले. हातात वर्णभेदविरोधी घोषणा छापलेले टी-शर्ट होते. गाडीतून उतरताच पाठीत गोळी लागली. वय अवघं सदतीस.

बंदूक बायरन डी ला बेकविथ या गोऱ्या वर्चस्ववाद्याची. तिच्या दुर्बिणीवर त्याच्या बोटाचा ठसाही सापडला. तरीही १९६४ मध्ये दोन वेळा खटला चालला आणि दोन्ही वेळा सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीचं एकमत झालं नाही. माजी गव्हर्नर रॉस बार्नेट यांनी तर भर कोर्टात आरोपीशी हस्तांदोलन केलं. हा निर्लज्जपणा तिथे कुणाला फारसा खटकलाही नसावा.

खटकलं ते मेडगर यांच्या पत्नी मर्ली एव्हर्स यांना, आणि त्या विसरल्या नाहीत. राज्य सरकारच्याच एका आयोगाने ज्यूरी निवडताना बचाव पक्षाला गुपचूप मदत केली होती, हे १९८९ मध्ये पत्रकार जेरी मिचेल यांनी उघडकीला आणलं. खटला पुन्हा उभा करायचा तर जुनी कागदपत्रं हवीत, आणि कोर्टाच्या दप्तरात कामकाजाची प्रतच सापडेना. मर्लींनी ती इतकी वर्षं जपून ठेवली होती. बंदूक मिळाली ती एका दिवंगत न्यायाधीशांच्या घरात!

५ फेब्रुवारी १९९४ रोजी आठ काळ्या आणि चार गोऱ्या ज्यूरींनी बेकविथला दोषी ठरवलं. तोवर तो त्र्याहत्तर वर्षांचा झाला होता. २००१ मध्ये कैदेत असतानाच तो मेला. जॅक्सनच्या विमानतळाला आज एव्हर्स यांचं नाव आहे, आणि ते घर आता राष्ट्रीय स्मारक आहे.