७३ वर्षांनी घरी आलेला वैमानिकदलातला माणूस: जंगलात हरवलेलं बॉम्बर विमान शोधतात कसं?

आमच्या आरमोरीकडे उन्हाळ्यात जंगलाची पानं गळतात. मोहफुलं वेचायला गेलेली माणसं दूरवरून एकमेकांना दिसतात. पण पावसाळ्यात त्याच जागी वीस पावलांवरची म्हैस दिसत नाही. मग एखादं अख्खं विमान जंगलात पडलं तर? आणि ते जंगल आपल्यासारखं पानगळीचं नसून बारा महिने हिरवं असेल तर?

हे अंदाजाने विचारत नाहीये. असं विमान आपल्याच देशात पडलं होतं.

२५ जानेवारी १९४४. दुसरं महायुद्ध चालू होतं. चीनमधल्या कुनमिंगहून आसाममधल्या चबुआला अमेरिकेचं बी-२४ लिबरेटर विमान निघालं. चार इंजिनांचं बॉम्बर, आत आठ जण. विमानाला नाव दिलं होतं ‘हॉट ॲज हेल’. वाटेत हिमालयाची पूर्वेकडची टोकं होती, तिला वैमानिक ‘हंप’ म्हणजे उंटाचा कुबड म्हणायचे. विमान चबुआला पोहोचलंच नाही.

बॉम्बर विमान भारताकडे कशाला येत होतं, असं तुम्ही विचाराल. चीनला जाणारा जमिनीवरचा रस्ता जपान्यांनी बंद केला होता. तिथल्या अमेरिकी तुकडीला स्वतःचं पेट्रोल, स्वतःचे बॉम्ब भारतातून स्वतःच वाहून न्यावे लागत. म्हणजे एका हल्ल्यासाठी आधी कितीतरी हमाली! या मार्गावर सुमारे ६०० विमानं गेली असं सांगतात. बहुतेक वेळा शत्रू नव्हे, तर ढग, बर्फ आणि डोंगर आडवे आले.

तेव्हा सापडलं का नाही?

आज विमानात आपत्कालीन बीकन असतो. धक्का बसला की तो आपोआप ४०६ मेगाहर्ट्झवर सिग्नल सोडतो, उपग्रह तो पकडतो आणि आपल्याकडे बेंगळुरूतल्या इस्रोच्या केंद्रात माहिती येते. १९४४ मध्ये यातलं काहीच नव्हतं. रेडिओवर शेवटचा आवाज आला ती वेळ आणि नकाशावरची अंदाजाची रेघ, एवढंच हाती.

२००६ मध्ये क्लेटन कुहल्स नावाचा अमेरिकी गिर्यारोहक अरुणाचलातल्या दामरोह गावाच्या वरच्या डोंगरात पोहोचला आणि त्याला विमानाचा सांगाडा दिसला. ड्रोन नाही, लायडार नाही. अशी ठिकाणं बहुतेकदा शिकाऱ्यांना आणि रानात फिरणाऱ्यांना आधीच माहीत असतात. विचारणारा माणूस लागतो. आमच्याकडेही कोणत्या नाल्यात काय पडलंय ते तेंदूपत्त्यावाल्याला विचारावं, उपग्रहाला नंतर.

मग हे तेच विमान कशावरून? हरवलेल्या प्रत्येक विमानाचा अहवाल त्या काळी लिहिला जायचा, त्यात इंजिनांचे आणि मशीनगनचेही क्रमांक असायचे. धातूवर ठोकलेला क्रमांक गंजातही पुष्कळदा वाचता येतो. तो अहवालाशी जुळवायचा. गाडीचा चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवतो तसंच आहे हे.

हाडावरून नाव कसं कळतं?

खरं अवघड काम इथून पुढे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं पथक तिथे खोदकामाला गेलं ते २०१५ मध्ये. उकरलेली माती चाळणीतून चाळायची, बटण, दात, हाडाचा तुकडा निघतो का पाहायचं. आंबट मातीत हाडं विरघळतात, त्यामुळे सापडतं ते बोटभर. एप्रिल २०१६ मध्ये अवशेष अमेरिकेला पाठवले गेले.

एवढ्या जुन्या हाडात नेहमीचा डीएनए तुटलेला असतो. म्हणून मायटोकॉन्ड्रियल डीएनए वापरतात. पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, काहीतरी उरतंच. पण गंमत अशी की तो फक्त आईकडून येतो. म्हणजे नमुना द्यायला हरवलेल्या माणसाचा भाऊ, बहीण, मामा, मावशी, मावशीची मुलं, बहिणीची मुलं चालतात. काका, आत्या, मामाची मुलं, इतकंच काय त्याची स्वतःची मुलंही चालत नाहीत! शिवाय हा डीएनए अनेक असंबंधित माणसांत सारखा असू शकतो, म्हणून नुसत्या त्यावर निकाल देत नाहीत. सोबत सापडलेल्या वस्तू, विमानातल्या माणसांची यादी, सगळं जोडून पाहतात.

असं करत ओळख पटली ती फर्स्ट लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची. विमानातले बॉम्ब टाकणारे अधिकारी. जून २०१७ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या कॉन्कॉर्ड या त्यांच्या गावात त्यांना दफन केलं. ७३ वर्षांनी.

आणि जिथे खोदायला जागाच नाही?

आपल्या माणसाचंही सांगायला हवं. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे डिसेंबर १९७१ च्या युद्धात सुखोई-७ हे एकट्या वैमानिकाचं लढाऊ-बॉम्बर घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या हवाई तळावर गेले आणि परतले नाहीत. त्या दिवसांत ढाक्याच्या ‘संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर’मध्ये पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी आली, त्यात ‘टॉम्बे’ असं एक नाव होतं. तांबे म्हणजेच टॉम्बे, असं घरच्यांचं म्हणणं. आमच्याकडे असं कोणी नाही, हे पाकिस्तानचं उत्तर. बेपत्ता ५४ जणांच्या यादीत त्यांचं नाव आहे.

इथे चाळणी चालवायची कुठे? विमानाचा तुकडा सापडला तरी वैमानिकाचं पुढे काय झालं ते त्यातून कळणार नाही. कळलं तर तुरुंगाच्या नोंदवहीतून, आणि तिथे नावाचं स्पेलिंगही चुकलेलं असू शकतं. पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, इतकी वर्षं तोच कागद शोधत राहिल्या. २००७ मध्ये बेपत्ता जवानांचे काही नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले. कोणीही सापडलं नाही.