व्रत स्वतःचे, प्राण दुसऱ्याचा

भोपाळ हे नाव कानी पडले की १९८४ च्या २ व ३ डिसेंबरमधील ती भीषण रात्र आठवते. हमीदिया रुग्णालयाच्या आवारात हजारो माणसे श्वासासाठी तडफडत आली. कोणत्या विषाने ती होरपळली आणि त्यावर उतारा कोणता, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही उमगत नव्हते. औषधासाठी आक्रोश केलेल्या त्याच नगरीत २०१६ साली दिगंबर जैन आचार्य विद्यासागर महाराजांचा चातुर्मास झाला. मध्य प्रदेश विधानसभेने त्यांना प्रवचनासाठी सन्मानाने पाचारण केले. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा या आपल्या सीमाभागातील गावी १९४६ साली जन्मलेल्या या मुनींनी १८ फेब्रुवारी २०२४ रोजी डोंगरगडच्या चंद्रगिरी तीर्थावर, तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य करून, सल्लेखनेने देह ठेवला.

दिगंबर मुनीने दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत पडेल तेवढेच घ्यावे असा दंडक आहे. रुग्णालयातील खाट, सलाइन वा इंजेक्शन यांना त्या व्रतात थारा नाही. परंतु याच आचार्यांच्या प्रेरणेने सागर येथे भाग्योदय तीर्थ हे रुग्णालय उभे राहिले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्याने स्वतःसाठी रुग्णालय नाकारले, त्याने इतरांसाठी मात्र ते उभारावयास लावले. वरवर विसंगत भासणाऱ्या या वर्तनातच एका अवघड प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, असे आम्हांस वाटते.

धर्माज्ञा म्हणून प्राणरक्षक उपचार नाकारणे कितपत क्षम्य, हाच तो प्रश्न. तो केवळ जैनांचा आहे असे मानून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. पेण तालुक्यातील गागोदे या कोकणातील गावी जन्मलेले आचार्य विनोबा भावे नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराने आजारी पडले, तेव्हा त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले. डॉक्टरांनी व चाहत्यांनी विनवण्या केल्या, पण १५ नोव्हेंबर रोजी पवनार येथे त्यांनी शांतपणे देह ठेवला. देवधर्माच्या बाबतीत बुद्धिवादी असलेल्या सावरकरांनीही १९६६ च्या फेब्रुवारीत अन्न व औषध वर्ज्य करून मृत्यूला सामोरे जाणे पत्करले. या महापुरुषांना भित्रे वा आत्मघातकी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

या मरणांना समाजाने वंदनीय का मानले? ती व्यक्ती प्रौढ होती, तिचे भान शाबूत होते, जीवनकार्य उरकले होते आणि निर्णय सर्वस्वी तिचा होता, म्हणून. शास्त्रानेही या वाटेवर पहारे बसविले आहेत. आचार्य समंतभद्रांनी सल्लेखनेसाठी घोर संकट, दुष्काळ, वार्धक्य आणि ज्यावर प्रतिकार उरलेला नाही असा रोग, हेच प्रसंग सांगितले. साध्य रोगाचे औषध धर्माच्या नावाने नाकारावे, असे त्यात कोठेही अभिप्रेत नाही.

म्हणूनच मार्च २०२५ मध्ये इंदूर येथे घडलेल्या घटनेने मन अस्वस्थ होते. मेंदूतील गाठीने आजारी असलेल्या एका तीन वर्षांच्या बालिकेला संथारा देण्यात आला. तिच्यावर शस्त्रक्रिया झाली होती, तरी रोग उलटला होता. त्या मातापित्यांच्या दुःखावर डागण्या देण्याची आमची इच्छा नाही. परंतु ज्या वयात मृत्यू या शब्दाचा अर्थ कळत नाही, त्या वयात मृत्यूचे व्रत कोण घेते? ते व्रत बालिकेचे नव्हते, वडीलधाऱ्यांचे होते. हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या दारी गेला, यात नवल नाही.

या बाबतीत आपलेही हात पूर्वी स्वच्छ नव्हते. 'देवी आल्या' म्हणून रोग्याला औषध न देणारी घरे किनारपट्टीवर काही थोडी नव्हती. देवीचा कोप होईल या भीतीने किती पोरे दगावली असतील, त्याची गणती नाही. लस मुंबईत १८०२ सालीच आली होती, परंतु देशातील देवीचा शेवटचा रोगी सापडण्यास १९७५ साल उजाडावे लागले. रोग गेला म्हणून देवीची भक्ती तसूभरही उणावली नाही, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. सर्पदंशाचीही हीच कथा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरविला. या कायद्याने दंड सांगितला तो दुसऱ्याची वाट अडविणाऱ्यास.

न्यायालयांचा कलही याच दिशेने आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथाऱ्याला आत्महत्येच्या पंक्तीत बसविले, परंतु त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सज्ञान माणसाचा उपचार नाकारण्याचा अधिकार मान्य केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ सालीच बजावले होते की, मातापित्यांनी स्वतः हुतात्मे व्हावे, परंतु मुलांना हुतात्मे करण्याचा त्यांना अधिकार नाही.

तथापि प्रौढांच्या नकाराकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. म्हातारी आई औषध नको म्हणते, तेव्हा ते वैराग्य असते की मुलाच्या खिशाची काळजी, हे कोण ओळखणार? ज्याच्यापर्यंत उपचार पोहोचतच नाही, त्याच्या नकाराला व्रत म्हणणे ही क्रूर थट्टा होय. नकाराचा अधिकार खरा ठरण्यासाठी आधी उपचार त्याच्या दाराशी यावा लागतो.

यावर सुज्ञ मार्ग एकच आहे. आपली इच्छा धडधाकट असताना, दोन साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठावर असताना न्या. महेश सोनक यांनी २०२४ साली गोव्यातील असे पहिले वैद्यकीय इच्छापत्र नोंदवून आदर्श घालून दिला. ज्याने असे काही लिहिले नाही व ज्याला बोलता येत नाही, त्याच्या बाबतीत, आणि बालकाच्या बाबतीत तर निःसंशय, जोवर उपाय शिल्लक आहे तोवर संशयाचा फायदा जीवनाला मिळाला पाहिजे.

व्रत हे स्वतःच्या देहावर घ्यावयाचे असते. दुसऱ्याच्या देहावर लादले की त्याचे पुण्य संपते आणि उरतो तो केवळ एक टाळता आला असता असा मृत्यू. स्वतः औषध न घेता इतरांसाठी रुग्णालय उभे करविणाऱ्या सदलग्याच्या सुपुत्राने आपल्या वर्तनाने हेच शिकविले नाही काय?